ओळख आहे का कुणाची?

दुपारचे चार वाजले होते. परभणीचे माझे काका त्या रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघून सकाळी दादरला उतरणार होते आणि तिथून परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये जाणार होते. गालाच्या आतल्या बाजूला झालेली जखम तीन महिने भरून येईना. छत्रपती संभाजीनगरला तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर निघाला. पुण्यात राहणारा, मुंबईची माहिती असलेला म्हणून धावपळ माझ्याकडे आली. आठवड्यापूर्वी परभणीला जाऊन कागदांची कॅरीबॅग घेऊन आलो होतो, ती तशीच उचलून लालबागला मावशीच्या चाळीत पोचलो. मावशी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होती. निवृत्त झाली तरी तिच्या दारात असे पिशवीवाले येतच असतात. चपला काढता काढताच मी विचारलं.

मी : मावशी, टाटात तुझ्या ओळखीचं कुणी आहे का गं?

मावशी : आधी पाणी पी. हॉस्पिटल म्हटलं की आपल्याकडे आजार कुठला हे नंतर विचारतात, आधी ओळख कुणाची. तुझी त्यात चूक नाही. पण मला सांग, ओळखीचा माणूस नेमकं काय करतो?

मी : रांग चुकवून आत नेतो. मोठ्या डॉक्टरांची गाठ घालून देतो.

मावशी : तेवढंच? कुठल्या खिडकीवर आधी जायचं ते तो सांगतो. कुठली तपासणी केल्याशिवाय पुढची होणार नाही, ते त्याला माहीत असतं. डॉक्टर दोन मिनिटांत जे बोलले ते तो बाहेर बाकावर बसून आपल्या भाषेत समजावतो. पैसे कमी पडले तर अर्ज कुठे करायचा, त्याला कुठले कागद लागतात, हे त्याच्याकडून कळतं. यात रांग चुकवणं सगळ्यात कमी उपयोगाचं आहे, आणि ते दुसऱ्या रुग्णाचं काढून घेणंही आहे. बाकीचं सगळं मात्र प्रत्येकाला मिळायला हवं, ओळख असो वा नसो. ते देणारा माणूस शिकलेला हवा, पगारी हवा आणि त्याच कामासाठी तिथे बसलेला हवा. मी आयुष्यभर हेच काम केलं. आता त्याला पेशंट ॲडव्होकेट म्हणतात, पेशंट नॅव्हिगेटर म्हणतात. आणि तू उद्या जिथे जाणार आहेस तिथे त्याला केवट म्हणतात.

मी : रामाला गंगा पार करून देणारा केवट?

मावशी : तोच. टाटा मेमोरियल, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून कॅन्सरच्या रुग्णांना वाट दाखवणाऱ्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला, त्याचं हे नाव. उद्या नोंदणी झाली की पहिलं काम, केवट कुठे भेटतील ते विचारायचं. त्यांना काकांचा आजार आणि टप्पा नीट सांगितलास तर निम्मी पायपीट वाचेल. दाखव ती पिशवी.

तिने पिशवी जमिनीवर पालथी केली. औषधांची बिलं, तीन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी, साखरेचे रिपोर्ट, घडी पडून मधोमध चरा गेलेली एक्स-रेची फिल्म, कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेला फोन नंबर. मावशीने चष्मा लावला आणि एकेक कागद तारखेप्रमाणे लावत गेली. बायॉप्सीचा रिपोर्ट बाजूला काढून दोनदा वाचला. मग केमिस्टची बिलं उचकू लागली. मला वाटलं, बिलांचं काय एवढं.

मावशी : काका कुठल्या गोळ्या घेतात म्हणालास?

मी : साखरेची. तेवढीच.

मावशी : मग ही इकोस्प्रिन कुणाची? प्रत्येक महिन्याच्या बिलात आहे.

मी : हो, ती... मागे छातीत दुखलं होतं तेव्हा सुरू केलेली. पण ती छोटी गोळी आहे ना.

मावशी : ती रक्ताची गुठळी होऊ देत नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना, भूल देणाऱ्यांना हे आधी कळलंच पाहिजे. गोळी बंद करायची की नाही ते ठरवणार डॉक्टर. मी नाही आणि तूही नाही. आपलं काम एवढंच की त्यांच्यासमोर ही माहिती ठेवायची. घरचे खोटं बोलत नाहीत रे, पण "कुठली औषधं चालू आहेत" म्हटलं की त्यांना दुखणाऱ्या जागेचीच औषधं आठवतात. म्हणून मी आधी बिलं वाचते. आता सांग, स्लाइड आणि ब्लॉक कुठे आहेत?

मी : ते काय असतं? रिपोर्ट आहे ना हा.

मावशी : रिपोर्ट म्हणजे कुणीतरी पाहून लिहिलेलं मत. तुकडा काढला तो मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात उपचार ठरवण्याआधी तिथले पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा पाहतात. ते सोबत नसले तर कुणीतरी परत जाऊन आणायचे, नाहीतर काकांच्या गालाचा पुन्हा तुकडा काढायचा. किती वाजले?

मी : साडेचार.

मावशी : संभाजीनगरला आपलं कोण आहे?

मी : चुलतभावाचा मेहुणा आहे, सिडकोत.

मावशी : लाव फोन. लॅब बंद व्हायच्या आत अर्ज, काकांच्या आधारची प्रत आणि बायॉप्सीचा नंबर घेऊन जा म्हणावं. स्लाइड आणि ब्लॉक, दोन्ही मागायचे. पोच द्यायची. ती डबी घेऊन रात्री स्टेशनवर उभं राहायचं, देवगिरी तिथे थांबतेच. डबा नंबर कळव त्याला.

मी फोन केला. बायॉप्सीचा नंबर रिपोर्टच्या उजव्या कोपऱ्यात होता. इतके दिवस तो कागद पिशवीत घेऊन फिरत होतो आणि तो नंबर कशाला असतो हे मला माहीत नव्हतं.

मी : मावशी, हे सगळं डॉक्टरांनीच का नाही सांगत?

मावशी : सांगायला हवं, आणि काही जण सांगतातही. पण ओपीडीत एका डॉक्टरसमोर किती माणसं उभी असतात ते उद्या बघशील. त्यांच्या डोक्यात आजाराची वाट असते. रुग्णाच्या डोक्यात लोकल कुठून पकडायची, राहायचं कुठे, शेतात कोण जाईल, हे असतं. या दोन वाटा एकमेकींना भेटवायला मधे कुणीतरी लागतं. साधं उदाहरण देते. सीटी स्कॅनची तारीख मिळते. माणूस उपाशीपोटी, गावाहून रात्रभर प्रवास करून हजर होतो. खिडकीवर विचारतात, क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठाय? मूत्रपिंड नीट आहे हे पाहिल्याशिवाय शिरेतून रंगद्रव्य देत नाहीत. मग तो स्कॅन रद्द, पुढची तारीख. एका साध्या रक्त तपासणीपायी दहा दिवस गेलेले मी पाहिलेत. चूक कुणाचीच नसते. फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

मी : म्हणजे क्रम माहीत असणं हीच यातली विद्या.

मावशी : बरीचशी. आणखी एक सांगते, तुझ्या काकांना लागेल ते. रेडिएशन द्यायचं ठरलं तर त्याआधी दातांच्या डॉक्टरांनी तोंड तपासायला हवं. किडलेले दात आधीच काढावे लागतात. रेडिएशननंतर दात काढले तर जबड्याचं हाड भरून न येता चिघळायचा धोका असतो. हे विचारायला विसरू नकोस. लिहून घेतोयस ना?

तिने स्वतःच शाळेच्या वहीचा एक कोरा कागद फाडला आणि लिहायला लागली. वर नाव, वय, गाव, दोन फोन नंबर. मग त्रास काय आणि कधीपासून. कुठल्या तारखेला, कुठे, काय तपासलं आणि त्यात काय निघालं. इतर आजार : मधुमेह, अकरा वर्षं. चालू गोळ्या, प्रत्येकीची मात्रा. कुठल्या औषधाने अंगावर पुरळ वगैरे आलं होतं का. तंबाखू किती, कधीपासून, कधी सोडली. सगळं एका बाजूवर. खाली अर्धं पान तिने कोरं ठेवलं. मी विचारलं, तर म्हणाली, "ते नंतर."

मी : आपल्याकडे हे काम सुरू कधी झालं?

मावशी : अमेरिकेत बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट होते. त्यांच्या लक्षात आलं की औषध लिहून दिलं तरी माणूस ज्या खोलीत, ज्या परिस्थितीत परत जातो तिथे ते औषध निकामी होतं. त्यांनी १९०५ मध्ये रुग्णालयात सामाजिक कार्यकर्ती नेमली. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये पहिली नेमणूक झाली, देशातली पहिली. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं काम. तिथे डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन सर्जन होते. त्यांच्याकडे स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या बायका येत, त्या बहुतेक गरीब, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या. जवळजवळ निम्म्या जणी आजार फार पुढे गेल्यावर येत. १९६४ ते १९८६ या काळातल्या ६०६ रुग्णांपैकी पाच वर्षं जगल्या त्या ३९ टक्के.

मी : उपचार नव्हते म्हणून?

मावशी : उपचार होते. त्या तिथपर्यंत पोचत नव्हत्या. गाठ आहे असं कुणीतरी म्हणायचं आणि मग तपासणी, रिपोर्ट, विमा, कामावरची रजा, मुलांना कुठे ठेवायचं, भीती, यातच महिने जायचे. फ्रीमन यांनी १९९० मध्ये नॅव्हिगेटर नेमले. गाठ दिसली त्या दिवसापासून निदान आणि उपचार पूर्ण होईपर्यंत प्रत्येक बाईच्या पाठीशी कुणीतरी माणूस. सोबत मोफत किंवा स्वस्तात तपासणी. १९९५ ते २००० मधल्या रुग्णांत पाच वर्षं जगणाऱ्या ७० टक्के झाल्या. दोन्ही गोष्टी मिळून झालं ते, एकट्या नॅव्हिगेटरचं श्रेय म्हणणार नाही मी. पण यात नवं औषध कुठे आलं सांग?

ती बोलायची थांबली. मग उठून कपाटातून तिने एक जुनी डायरी आणली. कोपरे झिजलेली, रबर लावून बंद केलेली.

मावशी : माझ्याकडे एक शेतकरी होता. तोंडाचाच कॅन्सर. ऑपरेशन छान झालं. त्याला सांगितलेलं होतं की पुढे रेडिएशन घ्यायचंय, आणि ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हायला हवं. तो मान हलवत होता. टाके निघाले, गाठ गेली, त्याच्या हिशेबी आजार संपला. वर पेरणी आली. गेला गावी. त्याची तारीख या डायरीत लिहिलेली आहे, ही बघ, शाईने. तेव्हा गावात फोन कुठले. मी पोस्टकार्ड टाकलं, तेही दोन आठवडे उशिरा, कारण त्या दिवसांत वॉर्डात दुसरी गडबड होती. तो पाच महिन्यांनी आला. गाठ परत आली होती.

मी : मग?

मावशी : मग काही नाही. तो गेला. त्यानंतर मी घरी सोडायच्या दिवशी प्रत्येक रुग्णाकडून तीन पोस्टकार्डांवर त्याचाच पत्ता लिहून घ्यायला लागले. कोपऱ्यात पेन्सिलने टाकायची तारीख. टेबलाच्या खणात तारखेप्रमाणे गठ्ठा. रोज सकाळी चहाच्या आधी त्या दिवसाची कार्डं पेटीत. आणि "समजलं का" असं विचारणं त्या दिवशी सोडलं. समजलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी मी म्हणायचे, "घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल, ते मला सांगून दाखवा." त्यात कळतं माणसाच्या हाती काय पोचलं आणि काय मधेच गळलं. उद्या काकांबरोबर तूही हे कर.

मला त्या पोस्टकार्डांचा गठ्ठा डोळ्यांसमोर दिसत राहिला. आपण रुग्णसेवा म्हणतो तेव्हा रक्तदान, फळवाटप असलं काहीतरी मनात येतं. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेली तारीख येत नाही.

मी : रेडिएशन म्हणजे किती दिवस मुंबईत राहावं लागेल?

मावशी : तोंडाच्या कॅन्सरला साधारण सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज. प्रत्यक्ष यंत्रावर काही मिनिटंच. पण त्यासाठी दोन माणसांनी दीड महिना मुंबईत काढायचा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणखी काही संस्था राहायची सोय करतात, तरी जागा मिळेलच असं नाही. रुग्ण फूटपाथवर राहतात हे तू येता-जाता पाहिलं असशील. पण थांब, मुळात सगळं मुंबईतच का करायचं? संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे त्याला. टाटाच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणून देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं उभं राहिलंय, ते अशासाठीच की सगळ्यांना परळला यावं लागू नये. ऑपरेशन इथे आणि रेडिएशन घराजवळ असं होऊ शकेल का, हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारायचा. काही वेळा ते नाही म्हणतील, त्याला कारण असेल, ते समजून घ्यायचं. पण न विचारताच लोक जमीन गहाण टाकून इथे राहतात.

मी : आणि खर्च? काकांनी दोन लाख काढून ठेवलेत.

मावशी : ते आधी घरीच राहू देत. रेशन कार्ड, आधार बरोबर आहे ना? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा दीड लाख होतं. योजनेतल्या प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला गाठायचं ते उपचार सुरू व्हायच्या आधी. योजनेत पूर्वपरवानगी लागते. लोक घाबरून आधी पैसे भरतात, आणि मग योजनेचं विचारतात. तेव्हा हातातून वेळ गेलेली असते. योजनेत बसलं नाही, कमी पडलं, तर समाजसेवा विभागात जायचं. खर्चाचं एस्टिमेट रुग्णालयाच्या कागदावर घ्यायचं. मुख्यमंत्री सहायता निधी असो, सिद्धिविनायक न्यास असो, त्या एस्टिमेटशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आणि रेल्वे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयातून फॉर्मवर सही-शिक्का घ्यायचा. परतीचं तिकीट तसंच काढ.

मी : आणि उद्या खाजगी रुग्णालयात जायची वेळ आली तर?

मावशी : धर्मादाय असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायला ते बांधलेलं आहे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, दाखला ताजा लागतो. निर्धन रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. आणि कुठलंही खाजगी रुग्णालय असो, आपल्या राज्यात २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावणं सक्तीचं केलंय. बघ कधी तरी, ती बहुधा कुंडीच्या मागे असते. केसपेपरच्या प्रती लेखी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात, हा २००२ पासूनचा नियम आहे. मात्र हे सगळं भांडायला वापरायचं नाही. मी पाहिलंय, कागदावर नीट, नम्रपणे, तारीख घालून मागितलं की दहातले आठ जण देतात. आवाज चढवला की ज्या परिचारिकेच्या हातात आपला माणूस आहे तिलाच आपण दुखावतो.

मी : पण मावशी, एक शंका आहे. आरोग्यमित्र योजनेचा, केवट रुग्णालयाच्या बाजूचा, तूही सरकारी पगारावर होतीस. ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध रुग्णाची बाजू कोण घेणार?

तिने पेन खाली ठेवलं.

मावशी : बरोबर जागी बोट ठेवलंस. अमेरिकेत यासाठीच स्वतंत्र ॲडव्होकेट निघाले. रुग्ण त्यांना तासाप्रमाणे पैसे देतो, ते बिल ओळ न् ओळ तपासतात, विम्याशी पत्रव्यवहार करतात, डॉक्टरांच्या भेटीला सोबत बसतात. २०१८ पासून तिथे परीक्षा घेऊन प्रमाणपत्रही देतात. त्यांचं मीठ रुग्णाचं. पण मग ज्याच्याकडे तासाचे पैसे नाहीत त्याचं काय? आपल्या पुण्यातही आता मुलगा न्यू जर्सीत आणि आईवडील कोथरूडला, अशा घरांसाठी रुग्णालयात सोबत करणारी माणसं पैसे घेऊन मिळतात. चांगलं काम आहे, मी नावं ठेवत नाही. पण ते परभणीपर्यंत पोचणार नाही. म्हणून मला वाटतं हे पद रुग्णालयातच हवं, सरकारने भरलेलं हवं आणि त्या माणसाला वरिष्ठांना "हे चुकतंय" म्हणायची मुभा हवी. मी ते तीन-चारदा म्हटलं. एकदा त्यापायी माझी बदलीही झाली. तरी सांगते, समाजसेवा विभागातली भरायची राहिलेली पदं बघितली की मला बदलीपेक्षा जास्त वाईट वाटतं.

मी : आणि गेटबाहेर जे भेटतात ते? "चला, लवकर काम करून देतो" म्हणणारे?

मावशी : ते दलाल. ओळखायची खूण सोपी. दलाल तुम्हाला एका विशिष्ट लॅबमध्ये, एका विशिष्ट रुग्णालयात नेतो आणि कारण सांगत नाही. खरा मदतनीस दोन-तीन पर्याय समोर ठेवतो, प्रत्येकात काय मिळेल आणि काय सोसावं लागेल ते सांगतो आणि गप्प बसतो. निर्णय रुग्णाचा. बरं, आता काकांबद्दल बोल. काय करतात?

मी : शेती. आता मुलगाच बघतो.

मावशी : आणि?

मला पुढे काही सांगता येईना. लहानपणापासून ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलो त्या माणसाचं गेल्या महिनाभरात माझ्याकडे फक्त साखरेचं प्रमाण आणि जखमेचं माप होतं.

मावशी : त्यांना काय सांगितलंय?

मी : जखम चिघळलीय, मुंबईला चांगले डॉक्टर आहेत. सगळ्यांचं म्हणणं पडलं की कॅन्सर म्हटलं तर खचतील.

मावशी : उद्या ते ज्या इमारतीत शिरतील तिथे भिंतीभिंतीवर तो शब्द लिहिलेला आहे. वाचता येतं ना त्यांना?

मी : मॅट्रिक आहेत.

मावशी : मग त्यांना ते भिंतीवरून कळावं असं वाटतं का तुला? आणि सही कोण करणार? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगून ठेवलंय, सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याचीच लागते, नातेवाइकाची सही तिच्या जागी चालत नाही. पण कायद्याचं सोड. मी या कामात एवढं पाहिलं, माणसाला आजाराइतकीच भीती वाटते ती घरातल्या कुजबुजीची. तो खोलीत आला की बोलणं थांबतं, ते त्याला कळतं. सगळं एकदम सांगू नकोस. त्यांना काय ठाऊक आहे ते आधी विचार. मग त्यांना काय जाणून घ्यायचंय ते विचार. आणि ते बोलत असताना मधे बोलू नकोस. हे अर्धं पान त्यासाठीच कोरं आहे.

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. खाली मंडळाची मुलं लोखंडी पाइप उतरवत होती. काका परभणी स्टेशनवर पोचले होते, गाडीला वेळ होता. मी विचारलं, "काका, संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं?" बराच वेळ फलाटावरची घोषणा ऐकू येत राहिली.

"मला माहीत आहे रे," काका म्हणाले. "त्या दवाखान्याच्या पाटीवर वाचलं होतं तेव्हाच. तुम्ही सगळे इतकं जपून बोलत होता, म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास द्यायचा."

मी काहीतरी बोलणार होतो. मावशीचं आठवलं आणि थांबलो.

"तुझी ती मावशी दवाखान्यातली आहे ना," काका पुढे म्हणाले, "तिला एक विचार. संध्याकाळी मंदिरात हरिपाठ मी उचलतो. बत्तीस वर्षं झाली. गाल कापला तर जेवण पातळ करून घेईन, त्याचं काही नाही. पण म्हणता येईल का?"

"काका, हे उद्या डॉक्टरांना तुम्हीच विचारायचं. मी शेजारी बसलेला असेन."

"मला जमेल का तिथे बोलायला?"

"आपण लिहूनच नेऊ."

आत आलो तेव्हा मेहुण्याचा निरोप आला होता : डबी मिळाली, दोन ब्लॉक, सहा स्लाइड. मावशीने तो आकडा कागदावर टिपला. मग मी काकांचं सांगितलं. ती काही बोलली नाही. कोऱ्या ठेवलेल्या जागेत सगळ्यात वर, बाकीच्यापेक्षा मोठ्या अक्षरात तिने लिहिलं, "ऑपरेशननंतर हरिपाठ म्हणता येईल का? आवाज, उच्चार, तोंड किती उघडेल?" आणि खाली उत्तर लिहायला चार ओळी सोडल्या.